सावडायला गेलेल्या बायका

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी दुपारी आत्या आल्या, तेव्हा मी दाराच्या चौकटीला झावळीचा क्रूस अडकवत होते. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं गाव वडूजच्या पुढं. तिथून एसट्या बदलत सांगलीला यायचं म्हणजे उन्हातान्हात अर्धा दिवस मोडतो. तरी त्या लगेच आत येऊन टेकल्या नाहीत, पिशवी खाली ठेवली नाही. उंबऱ्यातच पाणी प्यायल्या, तांब्या माझ्या हातात दिला आणि सांगून टाकलं की तुमचा सण होईपर्यंत त्या राहणार आहेत. सण झाला की मंगळवारी गावाकडं त्यांचा थोरला लेक पुतळा जाळणार आहे. त्याआधी मला काय बोलायचं असेल ते मी बोलून घ्यावं.

पुतळा म्हणजे दर्भाचा. ज्याचा देह घरच्यांच्या हाती लागला नाही, त्याच्या नावानं दर्भाचं माणूस करून त्याला अग्नी देतात. बुडालेल्यांसाठी करतात, परमुलखात हरवलेल्यांसाठी करतात. माझा नवरा बुडाला नव्हता आणि हरवलाही नव्हता. सांगलीच्या ख्रिस्ती दफनभूमीत, मागच्या भिंतीकडच्या ओळीत, कडुनिंबाखाली त्याला मी स्वतःच्या हातानं माती दिली होती. पण त्याच्या घरच्यांच्या लेखी ती माती लागू नव्हती. पुतळा जळाला की सगळ्या गावासमोर ठरणार होतं की मी केलं ते खोटं आणि मी सांगितलं तेही खोटं. मग त्या घराचा उंबरा मला आणि माझ्या लेकीला कायमचा बंद. थोरल्या दिरांनी हे फोनवर स्पष्ट शब्दांत कळवलेलं होतंच. आत्यांनी फक्त वार सांगितला.

आमचं लग्न दोन्हीकडच्यांनी नाक मुरडतच लावून दिलं होतं. तो फौजेत होता. सुट्टीवर आला असताना मोटरसायकलवरून पडला आणि मी ज्या दवाखान्यात नर्स होते तिथं आला. पाय जोडला गेला आणि माणूस माझ्याकडं राहिला. पुढं पेन्शन घेऊन तो सांगलीत एका कॉलेजवर सुरक्षारक्षकांचा प्रमुख झाला. रविवारी मला आणि लेकीला चर्चला सोडायचा आणि बाहेर स्कूटरला टेकून उभा राहायचा. काही वर्षांनी मागच्या बाकावर बसायला लागला. आणखी काही वर्षांनी त्यानं आपणहून बाप्तिस्मा घेतला. मी एका शब्दानं मागं लागले नव्हते, पण हे कुणाला पटत नाही. मीही आता पटवत बसत नाही. आईला त्यानं स्वतः जाऊन सांगितलं. आत्या म्हणाल्या, तुझं तू बघ, आणि त्याला नेहमीसारखी गरम भाकरी वाढली. जिवंतपणी त्यावरून आमच्यात एकही भांडण झालं नाही. झालं ते सगळं मेल्यावर.

मागच्या उन्हाळ्यात त्याला काविळीचं निमित्त झालं आणि बघता बघता लिव्हरनं हात टेकले. मी इतकी वर्षं दवाखान्यात काढलेली बाई, मला आकडे वाचता येत होते, म्हणून मला खोटी आशासुद्धा मिळाली नाही. शेवटच्या सकाळी अतिदक्षता विभागात आम्ही दोघंच होतो. तो म्हणाला, "मला इथंच ठेव." आणि त्याच्या मागोमाग आणखी थोडं बोलला.

तो गेला तेव्हा बाहेर दिरांनी गावाकडं न्यायला गाडी ठरवलेली होती. मी त्याचं पहिलं वाक्य सांगितलं आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर एकच गदारोळ उठला. फौजी माणूस, गावच्या मातीतला, त्याला ही बाई पुरणार? त्या सगळ्या आरड्याओरड्यात आत्या पायरीवर बसून होत्या. त्या एवढंच म्हणाल्या की असं तो त्यांना कधी बोलला नाही. तेही खरं होतं. ड्युटीवर परत जाताना दर वेळी तो आईला सांगायचा की काळजी करू नको, काय झालंच तर मला गावाकडंच आणतील. एका माणसानं दोन बायकांना, दोन वेगवेगळ्या वयात, दोन गोष्टी सांगितल्या होत्या. त्या दिवशी पायरीवर तिसरं कुणी साक्षीला नव्हतं.

मी तापट आहे. पहिलं वाक्य कुणी खरं धरलं नाही, तर पुढचं कशाला खर्च करू, असं म्हणून मी तोंड शिवून घेतलं. चर्चचे पाळक आले, माती झाली. दीर आणि त्यांची माणसं दफनभूमीच्या फाटकावरूनच परत फिरली. आत्या तर रिक्षातून उतरल्याच नाहीत. त्यांनी लेकाची जागा डोळ्यांनी पाहिली नव्हती.

आणि आता त्या माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या.

त्यात माझे पपा साताऱ्याहून आलेले. आई गेल्यापासून सण ते आमच्याकडं करतात. निवृत्त मुख्याध्यापक, सातारच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, जन्मभर पंच, आणि सांगलीतही त्यांचा शब्द चालतो. त्यांनी जाहीर केलं की या वर्षी दुःखसप्ताहात रोज संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून ईस्टरचा ख्रिस्ती अर्थ नीट समजून घ्यायचा. सगळ्यांनी म्हणताना त्यांनी स्वयंपाकघराकडं पाहिलं. माझं डोकं भणभणलं. ती बाई माझ्याशी शेवटचं बोलायला आलीय आणि हे तिला वर्गात बसवणार.

बसवलंच. दिवेलागणीला आम्ही दिवाणखान्यात चटईवर बसायचो. पपा चष्मा चढवून वाचायचे आणि मग फळ्यावर लिहिल्यासारखं समजावायचे. प्रायश्चित्त, तारण, नवा करार, असले सगळे वजनदार शब्द. आठवीतली माझी लेक मान डोलवत असायची आणि मांडीखाली फोन असायचा. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, आमच्याकडं पाठ करून काहीतरी निवडत बसायच्या. त्यांच्या पाठीवरून मला काही कळायचं नाही. प्रार्थना संपली की त्या उठून ताटं घ्यायच्या, लेकीला जवळ घेऊन जेवू घालायच्या आणि माझ्याशी मिठाएवढंच बोलायच्या. तिखट झालंय का, दूध तापवलंय का, बास. ड्युटीवरून घरी आले की रोज माझी नजर आधी त्यांच्या पिशवीकडं जायची. आज पिशवी भरलेली दिसेल, आज दिसेल. रोज पिशवी खुंटीलाच असायची आणि त्यानं मला आणखीच अवघडायला व्हायचं.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन उपासना असते. आम्ही तिघं जाऊन आलो. तीन वाजता उपास सुटतो आणि पपांना घरात पाय टाकताच चहा लागतो. आलो तर ओटा कोरडा ठणठणीत. सकाळपासून गॅस पेटलेलाच नव्हता. लेकीनं विचारलं, आज्जी, तू पण जेवली नाहीस? आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"कुणाचं तरी पोरगं गेलंय म्हंता न्हवं आज," त्या म्हणाल्या. "मग चूल कशी पेटवायची?"

पपांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. जन्मभर हा दिवस पाळला, गीतं म्हटली, क्रूसावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं ऐकली. पण या दिवशी कुणाच्या तरी घरात सुतक असतं हे कधी मनातच आलं नव्हतं. पपांनी चहा मागितला नाही. आम्ही त्या दिवशी दूध आणि केळी खाऊन राहिलो.

संध्याकाळी वाचनाला आत्यांनी पहिल्यांदा आमच्याकडं तोंड केलं. पपांचा आवाज एकदम हुरूप आल्यासारखा झाला. आत्यांनी विचारलं, त्याची आई होती का तिथं? पपा म्हणाले, होती, क्रूसाजवळच उभी होती. मग त्याची माती कुणी केली? पपांनी सांगितलं की एका श्रीमंत माणसानं स्वतःसाठी खडकात खोदून ठेवलेली कबर दिली. कपड्यात गुंडाळून तिथं ठेवलं आणि तोंडाशी धोंड लोटली.

"म्हंजी परक्याच्या जागंत," आत्या म्हणाल्या. थोडा वेळ त्या हातातली लसूण सोलत राहिल्या. "आन कुठं न्यायचं म्हून त्याच्या आईला कुणी इचारलं का?"

पपांनी पान उलटलं, परत मागं उलटलं. तसं काही लिहिलेलं नाही, असं ते सांगणार होते, पण तोवर माझा ताबा सुटला होता. मी म्हणाले, इथं कुणाबद्दल चाललंय ते मला कळतं. मला काही हौस नव्हती. त्यानं स्वतः मला सांगितलं होतं.

"तुला सांगितलं," आत्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "मला न्हाई."

लेक उठून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. त्या संध्याकाळी प्रार्थना अर्धीच राहिली.

शनिवारी दुपारी दिरांचा फोन आला. भटजी ठरले होते. सोमवारी संध्याकाळपर्यंत आईनं नातीला घेऊन गावी पोचावं, मंगळवारी पाणी नातीच्या हातून सोडायचं, कारण त्याचं दुसरं लेकरू नाही. मी कशी पाठवत नाही ते बघतो, असंही ते म्हणाले. लेक समोरच उभी होती. फोन ठेवल्यावर तिनं मला बाजूला ओढलं आणि विचारलं, "मम्मी, मी गेले नाही तर आज्जी परत कधीच येणार नाही का?" हिला काय सांगायचं? गेलीस तर तुझी आई खोटी ठरते, आणि नाही गेलीस तर आज्जी तुटते? मी तिला चुन्याची बादली उचलायला सांगितलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी आमच्यात सगळी कुटुंबं कबरी साफ करायला जातात. तण काढायचं, चुना फिरवायचा, दुसऱ्या दिवसासाठी फुलं सांगून ठेवायची. त्याच्या जागेवर अजून दगड बसवलेला नव्हता. माती पुरती खाली बसायला वर्ष जाऊ देतात. नुसता उंचवटा, डोक्याशी लाकडी क्रूस आणि भोवती आम्ही लावलेल्या विटा. निघताना लेकीनं आज्जीला चल म्हटलं. आत्या म्हणाल्या, आमच्यात बायका तिथं जात नाहीत. त्यांच्या घरातली रीतच तशी. प्रेत अंगणातून उचललं की बायकांचं संपलं. तिसऱ्या दिवशी राख सावडायला जातात ते पुरुष. नैवेद्याला कावळा शिवला की नाही, म्हणजे गेलेल्याचा जीव सुटला की अडकला, हेही बायकांनी पुरुष परत आल्यावर त्यांच्या तोंडून ऐकायचं. माझे सासरे गेले तेव्हा आत्यांनी तसंच ऐकलं होतं. लेकाच्या वेळी तेवढंही नाही. राख नाही, कावळा नाही, काही नाही. विटांना चुना लावताना हे माझ्या डोक्यातून जाईना. राग मात्र तसाच होता. दोन्ही एकत्र राहू शकतात, हे मला त्या वर्षात कळलं.

त्या संध्याकाळी वाचायला पपा बसले तेव्हा आत्या परातीत पीठ मळत होत्या, परत पाठमोऱ्या. पपांनी कालचा धसका घेतलेला असावा. आज समजावणं नव्हतं, नुसतं वाचणं होतं. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, अगदी पहाटे, काही बायका सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडं निघाल्या. वाटेत त्या एकमेकींना विचारत होत्या की तोंडावरची एवढी मोठी धोंड आपल्याला कोण लोटून देणार.

परातीतला हात थांबला. आत्या वळल्या. कोपरापर्यंत पीठ लागलेलं.

"सावडायला चालल्या व्हत्या व्हय त्या?"

पपा म्हणाले, तसं नव्हे, त्यांच्याकडं देहाला सुगंधी द्रव्यं लावण्याची पद्धत असे. मी मध्येच बोलले. म्हणाले, "हो आत्या. सावडायलाच."

"तिसऱ्या दिशी?"

"तिसऱ्या दिवशी."

"आन बाप्ये कुठं व्हते?"

"दारं लावून घरात बसले होते. घाबरून."

आत्यांच्या नाकातून एक आवाज निघाला. हसू होतं की काय ते मला आजही ठरवता येत नाही. त्यांनी पपांना हातानंच वाचा म्हणून खूण केली. पपांनी पुढं वाचलं. धोंड लोटलेली होती, आत देह नव्हता, आणि जा, सगळ्यांना सांगा, असं त्या बायकांना सांगण्यात आलं. त्यांनी येऊन सांगितलं. पुरुषांना ती नुसती बडबड वाटली.

"बाईचं कुणी खरं धरलं न्हाई, म्हना की," आत्या म्हणाल्या आणि पुन्हा पीठ मळायला लागल्या.

पपांनी पुस्तक मिटलं. तात्पर्य सांगितल्याशिवाय पुस्तक मिटताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मी चटईच्या काड्या मोजल्यासारखी खाली बघत बसले होते. काहीतरी हललं होतं, पण कुठल्या बाजूला, ते समजत नव्हतं.

सकाळी मला जाग आली ती भाकरी थापण्याच्या आवाजानं. बाहेर अजून अंधार होता. आत्यांनी आंघोळ करून ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. ओट्यावर स्टीलचा डबा उघडा होता. त्यात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत. सगळं त्याच्या आवडीचं. वर केळीचं पान घडी करून ठेवलेलं. त्या म्हणाल्या, मी येते तुमच्यासंगट. एवढंच.

पपांनी डबा पाहिला आणि त्यांना सगळं समजलं. त्यांनी मला गॅलरीत नेऊन दबक्या आवाजात सांगितलं की कबरीवर नैवेद्य ठेवणं आपल्यात चालत नाही. पहाटेची उपासना दफनभूमीतच, सगळी मंडळी तिथं असणार, पाळक असणार, आणि आज ईस्टर आहे. मी म्हटलं, तुम्हीच सांगा त्यांना. तुम्ही पंच आहात. ते आत वळले आणि पायात चपला घालायला गेले.

रिक्षात आत्यांच्या मांडीवर डबा होता. माझ्या मनात एकच चाललं होतं. आज जर तिथं कुणी यांना हटकलं, चारचौघांत अपमान केला, तर मंगळवारची गरजच नाही. सगळं इथंच तुटेल आणि तेही माझ्या माणसांच्या हातून.

दफनभूमीच्या फाटकाशी आत्या थांबल्या. आत मेणबत्त्या हलत होत्या, गीत सुरू झालं होतं. मागून येणारी माणसं त्यांच्या बाजूनं वाट काढून पुढं जात होती. कुणी मला सलाम केला, कुणी पपांना. मी आत्यांचा हात धरावा की नको, या विचारात असतानाच त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि आत पाय टाकला.

पूर्वेकडं फटफटलं तेव्हा पाळकांनी मोठ्यानं सांगितलं, ख्रिस्त उठला आहे. सगळ्यांनी उत्तर दिलं, खरोखर उठला आहे. कबरेत ज्याला शोधता तो इथं नाही, असं त्यांनी वाचून दाखवलं. आत्या माझ्या लेकीच्या कानाशी लागून विचारत होत्या, कुठला? कुठं हाय त्यो?

उपासना संपल्यावर जो तो आपापल्या माणसाकडं जातो आणि मेणबत्ती लावतो. लेक आज्जीला कडुनिंबाखाली घेऊन गेली. आत्यांनी तो मातीचा उंचवटा पाहिला. नुसता पाहिला, डोक्यापासून पायापर्यंत, झोपलेल्या पोराकडं बघावं तसा. रडल्या नाहीत. मग खाली वाकून पायाकडच्या बाजूला केळीचं पान मांडलं, त्यावर भाकरी, चटणी, भरीत वाढलं, चार पावलं मागं सरल्या आणि वर झाडाकडं बघायला लागल्या.

आजूबाजूची कुजबुज मला ऐकू येत होती. शेजारच्या कबरीवरचं कुटुंब मेणबत्ती हातात धरून आमच्याकडंच वळलेलं. सांगलीच्या मंडळीतले एक पंच ओळींमधून वाट काढत आमच्या दिशेनं निघाले. चांगला माणूस, पण नियमाचा पक्का. पपा पुढं झाले. मला वाटलं, आता हेच काहीतरी बोलतील, इतरांनी बोलण्याआधी घरच्यानं बोललेलं बरं म्हणून. त्यांनी त्या पंचांना वाटेतच गाठलं.

"न्याहरी चाललीय आमची," पपा म्हणाले. "प्रभूनंसुद्धा उठल्यावर आधी खायलाच मागितलं होतं."

ते पंच पानाकडं बघत राहिले. पपा परत आले आणि त्या पांढऱ्या शुभ्र, कडक इस्त्रीच्या कपड्यांत सरळ मातीवर मांडी घालून बसले, आत्यांच्या बाजूला. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे गेलेले. त्यांनीही वर झाडाकडं बघायला सुरुवात केली. पंच थोडा वेळ घोटाळले आणि निघून गेले. पपांबद्दल मला त्या क्षणी जे वाटलं ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

कावळा होता. फांदीवर बसून मान वाकडी करून बघत होता, पण खाली उतरत नव्हता. अशा वेळी गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखून त्याला तसा शब्द द्यायचा असतो. आत्यांनी हात जोडले. त्या म्हणाल्या, पोरीला तुझ्या मनासारखं शिकवू. कावळा हलला नाही. थोरला आणि मी भांडत नाही, घर एक आहे. नाही. तुझ्या वाट्याचं रान पडीक ठेवलं नाही, औंदा हरभरा केला होता. कावळ्यानं चोच फांदीला घासली.

माणसं पांगायला लागली होती. ऊन भिंतीवर आलं होतं. आत्यांचे हात जोडलेलेच होते आणि त्यांना आता देण्यासारखा शब्द सुचत नव्हता, हे मला त्यांच्या मानेवरून दिसत होतं. मग त्या माझ्याकडं वळल्या.

"त्यो काय म्हनला व्हता तुला?" त्या म्हणाल्या. "सगळं सांग. मी ऐकती."

वर्षभरात हे मला कुणीही विचारलं नव्हतं. ओरडून खोटं ठरवलं होतं, समजूत काढली होती, पण काय म्हणाला ते सगळं सांग, असं कुणी म्हटलं नव्हतं. मी सांगितलं.

"मला म्हणाला, मला इथंच ठेव. गावाकडं नेऊन जाळलं तर आई यायची न्हाई. बायकांना येऊ देत न्हाईत तितं. हितं तिला येता येईल, बसता येईल."

आत्यांचे जोडलेले हात सुटले. त्या पुढं झाल्या आणि विटांना लागून, त्याच्या कुशीला, खाली बसल्या. तळवा मातीवर ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. आता मात्र त्या रडत होत्या, मोठ्यानं, घरातल्या अंगणात रडावं तसं, आणि आवरा असं त्यांना कुणी म्हटलं नाही. मीही त्यांच्या शेजारी बसले. किती तरी महिन्यांनी त्यांच्या अंगाचा चुलीच्या धुराचा वास मला इतक्या जवळून आला.

कावळा शिवला की नाही, ते मला विचारू नका. मी तिकडं बघत नव्हते. लेक म्हणते, भाकरीचा मोठा तुकडा घेऊन गेला. पपा म्हणतात, त्यांनी चष्मा पुसायला काढला होता.

थोड्या वेळानं आत्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि लेकीला थोरल्या काकाचा नंबर लावून द्यायला सांगितलं. फोन कानाला लावून त्यांनी पलीकडचं काही ऐकूनच घेतलं नाही.

"भटजीस्नी न्हाई म्हनून सांग," त्या म्हणाल्या. "पुतळा कशाला करायचा? पोरगं हितं हाय माजं. मी बसलीया की त्याच्याजवळ."

हितं हाय. तासाभरापूर्वी पाळकांनी नेमकं उलटं वाचलं होतं, आणि पपांसारख्या माणसाला ते खटकल्याशिवाय कसं राहील? त्यांनी बोट वर केलं, दुरुस्ती करायला तोंड उघडलं. आत्यांनी डब्यात उरलेल्या भाकरीचा तुकडा मोडून, त्यावर चटणी घालून त्यांच्यापुढं धरला. पपांनी तो घेतला आणि खायला लागले.